शेवाळी रंगाचा नमुना

८ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

शाळेसाठी आमच्याकडे राहणाऱ्या तुझ्या लेकीला तू घरी नेलंस, त्याला दोन महिने झाले. आता तिच्या शाळेने ठरवलंय की तीस तारखेला ज्या शेवाळी स्वेटरवरून तिला चिडवत, त्याच रंगाचे सदरे सगळ्यांनी घालायचे आणि यापुढे कुणी कुणाला छळायचं नाही. चारशे सदरे रंगवायचं काम माझ्याच कारखान्यात आलंय. दोन घाणे काढले. एक पोपटी झाला, दुसऱ्याचं नावच घेऊ नकोस. शेवाळी रंग नुसत्या आठवणीवर साधत नाही. स्वेटरचा एखादा धागा पाठव.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. तिला बघून वर्ग बेडकासारखा ओरडायचा, ते आमच्या मुलीने सुरू केलं. आणि तिने ते माझ्याकडून उचललं. तो स्वेटर घालून भाची पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा 'आली आमची बेडकी' असं मीच म्हणालो होतो. तेव्हा तीही हसली होती गं. आपल्या घरात टोपणनावाशिवाय कुणी वाढलंय का? तरी चूक माझीच.

ती महिनाअखेरपर्यंत आली नाही तर पटावरून नाव कमी करावं लागेल, असं मुख्याध्यापक म्हणाले. तीस तारखेला पाठवशील?

लोभ असेल तेवढा ठेव.
तुझा धाकटा

१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझा राग यायला हवा होता, पण काही वाटलंच नाही. मग वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत बसले. लहानपणी मी तुला 'भोपळा' म्हणायचे. तू कधी रडलास का, तेही आता आठवत नाही.

पोरीला तुझं पत्र वाचायला दिलं. ती तशीच आहे. विचारलं की उत्तर देते, वाढलं की जेवते. दप्तर आणल्या दिवसापासून उघडलेलं नाही. धागा मागितला तर कात्री घेतली आणि बाहीतून कापून दिला. मलाच बघवेना. धागा सोबत आहे. येण्याबद्दल ती स्वतः लिहील. मी जबरदस्ती करणार नाही.

माया आटलेली नाही, एवढं समज.
ताई

२३ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न.

तुम्ही रंगवून पाठवलेला तुकडा मिळाला. रंग अगदी बरोबर जमलाय. पण माझ्यासाठी सदरा ठेवू नका, तीस तारखेला मी येणार नाही. चारशे जण माझ्याकडे बघतील आणि मला बरं वाटलं का ते शोधतील. मला अजून बरं किंवा वाईट असं काहीच वाटत नाही.

मी एकतीसला येईन. तेव्हा सगळे नेहमीच्या गणवेशात असतील. वर मी तोच स्वेटर घालणार आहे, कारण माझ्याकडे तोच आहे. तुमच्यावर रागावलेली नाही. तुमच्या मुलीला एवढंच विचारा की त्या दिवशी ती माझ्या बाकावर बसेल का. तिला समजावू नका, नुसतं विचारा आणि मला कळवा. नाही म्हणाली तरी मी येईन. फक्त आधी माहीत असलेलं बरं.

मामींना नमस्कार. लोभ असू द्यावा.
तुमची भाची