सूचीचे काम यंत्राकडून करवून घेतल्याबद्दल मेहुण्यांस उत्तर

ज्याच्या कृपेने अधू डोळ्यांनाही अक्षर दिसते, त्या परमेश्वरास प्रथम वंदन.

तीर्थरूप दादा (आपल्या भगिनीचे दादा, म्हणून माझेही) यांच्या चरणी माझा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? इकडे सर्व क्षेम. उजवा डोळा गेला, डावा वर्षभर साथ देईल असे डॉक्टर म्हणतात.

आपले संतप्त पत्र पोचले. आपण आणि मी मिळून एकोणीस वर्षांपूर्वी आरंभिलेली भाष्याची शब्दसूची मी यंत्राच्या हाती देऊन भ्रष्ट केली, असा आपला आरोप आहे. दिली, हे खरे. भ्रष्ट केली, हे साफ खोटे. आणि उद्याही देणार, हे आधीच सांगून ठेवतो.

घडले ते असे. नातीने संगणकावर ही कृत्रिम बुद्धी उघडून दिली. परक्याकडून विद्या घ्यायची तर विनयाने घ्यावी, म्हणून मी स्नान करून, आसन मांडून, आरंभी अर्धे पान मंगलाचरण लिहिले. यंत्राने तितक्याच नम्रतेने आभार मानले. मी प्रतिनमस्कार केला. असे तीनदा झाल्यावर आपली भगिनी आतून ओरडली, "अहो, त्याला काम सांगा आधी! ते काय तुमचे व्याही आहेत?" तेव्हा काम सांगितले. नातीने बुटांच्या खोक्यांतल्या (पवित्र शब्दांना ही खोकी आपल्याला कधीच रुचली नाहीत) चिठ्ठ्यांची छायाचित्रे काढून दिली, आणि माझे अक्षर, जे आपल्या भगिनीला आजवर लागले नाही, ते यंत्राने वाचून चहा उकळेपर्यंत नऊ हजार चिठ्ठ्या क्रमाने लावल्या. मला अभिमान वाटावा की रडू यावे, हे कळेना.

ते चुकतही नाही असे नाही. एका शब्दासाठी त्याने भाष्यात नसलेला श्लोक, अध्यायासकट, इतक्या ठामपणे सांगितला की मला आपली आठवण झाली. तो शोधण्यात माझे तीन दिवस आणि निम्मा डोळा खर्ची पडला. तेव्हापासून नियम केला आहे: यंत्राने शोधायचे, मी भिंग घेऊन मूळ पोथीत पडताळायचे. हा सेवक आहे, गुरू नव्हे. आपण लिहिता, यंत्राला संस्कार नाहीत. पण चूक दाखवताच त्याने "माझे चुकले" असे म्हटले. आपल्या दोन्ही घराण्यांत हे वाक्य मी प्रथमच ऐकले. ज्ञान कोणत्या दारातून आले याची चौकशी करीत बसलो तर माझा डावा डोळा थांबायचा नाही. त्यामुळे आपण आपल्या अभ्यासमंडळात माझ्याविरुद्ध खुशाल ठराव मांडावा. मी यंत्र सोडणार नाही.

आपला आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून),
भगिनीपती

ता. क. नातीच्या आग्रहावरून आपल्याला क्षमापत्र लिहायला यंत्राला सांगितले होते. ते इतके गोड झाले की माझे आहे यावर आपण विश्वास ठेवला नसता. म्हणून हे स्वहस्ते.

ता. क. दुसरा. यंत्र विनयाने विचारते की 'स' आणि 'ह' यांची एकही चिठ्ठी कशी नाही? सात वर्षांपूर्वी शीर्षकपानावर कोणाचे नाव आधी, यावरून भांडून आपण जो पत्र्याचा डबा उचलून नेलात, तो आपल्या खाटेखाली आहे, हे त्याला कसे कळावे? तो डबा घेऊन यावे. डब्यापेक्षाही आपण यावे. माझी पडताळणी आता मलाच भरवशाची वाटत नाही, आणि माझ्या चुका शोधण्यात आपल्याइतका आनंद यंत्रालाही होत नाही.

ता. क. शेवटचा. नावांचा प्रश्न मी यंत्रापुढे ठेवला होता. ते म्हणाले, वर्णानुक्रमाने लावा. तसे आपलेच आधी येते, म्हणून या बाबतीत त्याचे ऐकायचे नाही असे मी ठरवले होते. आता ऐकतो. आपले नाव आधी.

हे पत्र आपण मंडळात मोठ्याने वाचून दाखवाल, हे मी जाणून आहे. वाचणाऱ्या व ऐकणाऱ्या सर्वांची दृष्टी अखेरपर्यंत शाबूत राहो, आणि प्रत्येकाला त्याच्या चुका दाखवणारे एक माणूस घरचेच मिळो.