चाचणीतले निरोप

मंगळवार, ११ मार्च

दादोबा,

साष्टांग नाही, नुसताच नमस्कार. रुसवा अजून शिल्लक आहे. या जमान्यात कागदावर पत्र बघून हसू नकोस, कारण पुढे येईल. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत, चहात साखर घालायला विसरतात एवढंच.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. लाखो माणसं एकाच वेळी वापरतील अशा वेबसाइट कशा उभ्या करायच्या, हा विषय. सर म्हणतात, "चार पाहुणे कुणीही सांभाळतं, लग्नघर सांभाळून दाखवा." आमच्या गटाने मेल पाठवणारी यंत्रणा बनवली. तिच्यावर भार टाकून बघायचा होता आणि त्यासाठी माणसांनी खरोखर लिहिलेला मजकूर हवा होता. पत्ते मात्र खोटे घालायचे, हा पहिला धडा.

मजकूर मी आईच्या मेलमधून घेतला. तू बाबांशी भांडून गेलास, आणि ती मेल करायला शिकली ती फक्त तुझ्यासाठी. एका बोटाने टाइप करायची, मी डोकावले की पडदा हाताने झाकायची. 'जेवलास का? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.' असे कितीतरी. तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. मी वाचत बसले, रडत बसले आणि पत्ते बदलायचे राहून गेले.

तेव्हा काल तुझ्यावर आईच्या मेलचा जो पाऊस पडला, तो मी पाडला. माझा गटातला जोडीदार, त्याला सगळे चष्मा म्हणतात, तो म्हणाला, "अगं, खोटी माणसं उत्तर देत नाहीत. हा कोण?"

पडद्यावर तू होतास. 'आई, एकदम इतकी चिडलीस? चुकलो. येत्या रविवारी येतो. खोली बदललीय, पत्ता खाली देतोय. बाबांना आत्ताच सांगू नकोस.'

चष्मा हसत होता. माझ्याकडे बघून थांबला.

दादा, आई नोव्हेंबरात गेली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाबा तुझ्या जुन्या खोलीवर जाऊन आले, तिथे दुसरंच कुणी राहत होतं. आमचे फोन, आमचे मेल तू कधीच बंद केले होतेस. तिची तेवढी वाट उघडी होती, पण तिच्या नावावरून तिच्याच मरणाचा निरोप पाठवायला माझा हात धजला नाही. कालही धजला नाही. म्हणून हा कागद, तू तिला कळवलेल्या पत्त्यावर, कुरिअरने.

मला तुझा फार राग येतो. ती शेवटपर्यंत रोज उघडून बघायची आणि तू लिहिलंस ते ती गेल्यावर. पण ती चिडली नव्हती रे, कधीच नाही. ते मनात ठेवू नकोस.

बाबांना मी सांगितलं. त्यांनी उठून तुझी गादी उन्हात टाकली. रविवारी ये, दार ते उघडतील.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
शेंडेफळ