काकूंची बाटली

काचीगुडा, शुक्रवार, १२ जुलै १९९६

समोरच्या वामनकाकांना मी ते सांगायलाच नको होतं.

सुमनकाकूंच्या गाठीचा तुकडा ऑपरेशननंतर आमच्या प्रयोगशाळेत आला होता. काकू गेल्या तेव्हा धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेले, "काका, काकूंच्या पेशी आमच्याकडे बाटलीत, गुलाबी द्रावात, जिवंत आहेत." किती शहाणी मी!

आज काकूंचा दहावा. पिंडाला कावळा शिवेचना, शेवटी दर्भाचा करून शिववला. संध्याकाळी काका दारात आले, आत येईनात. "बेटा, ती त्या बाटलीत अडकली असेल का गं? सोड ना तिला."

"नाही हो काका, असं काही नसतं," एवढंच म्हणाले. बाटली टाकून देऊ का, हे प्रयोगशाळेतल्या सरांना विचारायची सोय नाही. इतक्या जोमानं वाढणाऱ्या पेशी त्यांना पहिल्यांदाच मिळाल्यात.

आणि काकांना तरी कुठल्या तोंडानं सांगू? बाटलीत काकू नाहीतच. काकूंना जिनं खाल्लं, ती गाठ तेवढी जिवंत आहे.

दुपारीच तो गुलाबी पोषक द्राव पिवळा पडायला लागला होता. म्हणजे तिला भूक लागली.

उद्या सकाळी तिला भरवायची पाळी माझी आहे.