ल्यूबेनची निगेटिव्ह

मी, विद्का कोलारोवा, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार गोर्ना ब्रेझा, चर्चमागचे निळ्या फाटकाचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, छाती नाही. सोमवारी प्लोवदिवच्या इस्पितळात ती उघडायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही, आणि तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, एक मारिन सोडला तर. त्याचे पुढे लिहिते.

घर माझा मुलगा प्लामेन याला मिळावे. तो स्पेनमध्ये असतो आणि ते विकणार हे मला माहीत आहे. खुशाल विकावे, पण अक्रोडाचे झाड तोडणाऱ्याला देऊ नये. छप्पर उत्तरेच्या बाजूने गळते, हे घेणाऱ्याला सांगायचे की नाही ते त्याने ठरवावे.

दोन्ही कॅमेरे, तिपाई आणि अंधाऱ्या खोलीतले सगळे सामान गावच्या वाचनालयातल्या एल्काला. तिचा हात जरा कापतो, पण तिला थांबून राहता येते, आणि खांबावरच्या करकोच्याचा फोटो घ्यायला तेवढेच लागते. निगेटिव्हची कपाटेही तिलाच: मेंढ्यांची कातरणी, मिरच्या भाजायचे दिवस, पूर, लग्ने, आणि काहीच न घडलेल्या पुष्कळशा दुपारी. कपाटे तळघरात ठेवू नयेत, तिथे ओल आहे. शेगडीजवळ तर मुळीच ठेवू नयेत. एल्का, हे पुन्हा वाच.

पाद्री सावा यांना काही नाही. गावातल्या निम्म्या बाप्तिस्म्यांच्या फोटोंत मूल दिसत नाही, यांची बाही दिसते. सांगून सांगून माझे तोंड दुखले.

माझ्या मृत्यूचा कागद, नाव आणि फोटो छापलेला, गावच्या रीतीप्रमाणे फाटकावर लावाल तेव्हा ओळखपत्रावरचा फोटो वापरू नये. त्यात मी कोंबडी चोरताना पकडल्यासारखी दिसते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. शेजारच्या स्तोइनाताईंचा धाकटा ल्यूबेन मालवाहू जहाजावर गेला. एका बंदरात उतरला तो पुन्हा जहाजावर चढला नाही. त्याला बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी त्याच्या थोरल्या भावाने, मारिनने, फाटकावर आणि बसथांब्यावर त्याच्या मृत्यूचा कागद लावला. आईने घरातले सगळे फोटो लपवले होते, म्हणून फोटोविनाच लावला. गावात त्याच नावाचा आणखी एक ल्यूबेन आहे. माणसे मेणबत्त्या घेऊन त्याच्या दारात सांत्वनाला गेली, तर तो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. स्तोइनाताईंनी दोन्ही कागद फाडून चुलीत घातले.

तेव्हापासून मारिन नव्या कागदावर छापायला फोटो मागत माझ्या मागे लागला आहे. माझ्याकडे ल्यूबेनची एक निगेटिव्ह आहे: जानेवारीच्या सणात पाद्रींनी नदीत फेकलेला क्रॉस पकडून, छातीएवढ्या गार पाण्यात उभा राहून हसतो आहे.

मारिन म्हणतो, "मावशी, आई अजून त्याचं ताट मांडते. कागद लागला की एकदा रडेल आणि मोकळी होईल."

मी म्हटले, "आणि उद्या तो बसमधून उतरला तर? स्वतःचा कागद वाचत आत जाईल का?"

मारिन वाईट नाही, तो दमला आहे. पण मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर प्लामेन कपाटाची किल्ली जो मागेल त्याला देऊन टाकेल, आणि मारिन त्याचा शाळासोबती. या धास्तीने मी कपाटाचे कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघते. म्हणून ही एक निगेटिव्ह स्तोइनाताईंच्या हाती द्यावी, दुसऱ्या कोणाच्याही नाही.

वरचे शेवटचे वाक्य रद्द समजावे. कारण लिहिते. स्तोइनाताईंना साक्षीला बोलावले होते. त्यांना वाचून दाखवले आणि सांगितले, ज्याला काही मिळते त्याला साक्ष देता येत नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"मला नको ती, विद्के. घरात आली तर मी दिवसभर तीच बघत बसेन. मारिनला दे."

मला वाटले, त्यांना नीट ऐकू आले नाही.

"मारिनलाच दे," त्या म्हणाल्या. "पण माझा कागद लागेल त्या दिवशी. दोघांचे शेजारी शेजारी लावू दे, चिकटवायची खळ एकदाच शिजवावी लागेल. तोवर ताट मी मांडणार."

मला रडू आले. मी विचारले, "ताई, म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"आईला असलं विचारतात का? पेन दे इकडे."

म्हणून आता असे: ही निगेटिव्ह एल्काने कुलपात ठेवावी आणि स्तोइनाताईंचा कागद लागेल त्या दिवशी मारिनला द्यावी. त्याआधी नाही, प्लामेनने सांगितले तरी नाही. मी सोमवारी वाचले तर हे मीच करीन.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

गोर्ना ब्रेझा, शनिवार, १५ नोव्हेंबर २००८
विद्का कोलारोवा (सही)

साक्षीदार:
कोस्ता द्रागानोव, बसचालक (सही)
स्तोइना गेओर्गिएवा, मारिन आणि ल्यूबेन यांची आई (सही)