न पोळणारे पाय

२४ फेब्रुवारी
आज पोलादपूरहून एसटीने तुडीलला लेकीकडे राहायला आलो. अस्मिताने माझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे. खिडकीतून सावित्री नदी दिसते. जावई एमआयडीसीत पाळीला गेले होते. चहा झाल्यावर विडीला काडीपेटी सापडेना, तेव्हा चुलीतला निखारा चिमटीत उचलला. दहा वर्षांची नात सेजल टाळ्या पिटू लागली. विहीणबाई राहीबाई म्हणाल्या, व्याही, हात हाय का सांडशी? मी फुशारकी मारली, आमच्या घरात कोणाला पोळत नाही, माझा बापही असाच होता. पुढे बापाचे पाऊल कापावे लागले, ते सांगितले नाही.

२८ फेब्रुवारी
सेजलच्या टाचेत करवंदीचा काटा सापडला. पिकला होता. किती दिवसांचा, कोण जाणे. तिला ठाऊकच नव्हते. अस्मिताची चप्पल चालताना निसटते आणि तिला कळत नाही. माझीही निसटते.

३ मार्च
काट्याचे निमित्त करून सेजलला महाडला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला सुई टोचली. पोर विचारत होती, कधी टोचणार? बाई म्हणाल्या, तळव्याची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसाच नीट चालत नाहीत. दोष जन्माचा आहे, रक्तातून येतो. घरात आणखी कोणाला आहे का?
मी म्हणालो, नाही.
खरे कळले तर राहीबाई लेकीला माझ्याबरोबर परत धाडतील. बाईंनी कागद दिला. त्यात लिहिले आहे, तळवे रोज दोनदा तपासा, विस्तवापासून लांब ठेवा. कागद या वहीत घडी करून ठेवला आहे.

८ मार्च
सेजलने माझे पाहून निखारा उचलला. बोटे भाजली, ती हसत होती. राहीबाईंनी हात जोडले. धुळवडीच्या सकाळी होळीच्या निखाऱ्यांवरून पहिले चालायचा मान या घराचा आहे. त्यांचे यजमान गेल्यापासून तीन वर्षे कोणी चालले नाही. आता म्हणतात, देवीनंच पोर धाडली गो.

११ मार्च
पोरीला चालवू नका, असे सांगायला गेलो. राहीबाई म्हणाल्या, तुमीच बोललात ना, तुमच्याकडं कोणाला पोळत नाय? सगळे हसले. कागद काढणार होतो. अस्मिता दारात उभी होती, पायात एकच चप्पल —
नाही काढला.

१३ मार्च
होळी रचली. पेन बोटांतून गळून पडते. बापाचेही असेच झाले. आधी पाय, मग हात —

१४ मार्च
ढोल वाजतो आहे. सेजलला स्वयंपाकघरात आणून आतून कडी घातली. राहीबाई दार ठोकतात, उघडणार नाही. जावई पाळीवरून आले की कागद दाखवीन. सगळे सांगेन. दोष माझ्या रक्तातून आला, हेही सांगेन.
ते येईपर्यंत लिहीत बसलो. चूल मघाशीच विझली. पोर गुणाची, चुलीपाशी बसून पुरणपोळी खाते आहे.

कसला वास —

माझे तळवे पाहिले. बरे आहेत.

सेजल माझ्याकडे बघून हसते आहे. पाय राखेत — राखेखाली लाल — सेजल गो, पाय काढ, पा