धुतलेला डिझेल फिल्टर

गुरुवार, दिवेलागणीची वेळ

बारवीच्या चढावर बंद पडलेली आमची जुनी पिकअप दुपारी टोचन करून घरी आणली. मेकॅनिक हसला, "काका, डिझेल फिल्टर धुतला कोणी? कागदाचा असतो तो, चहाची गाळणी नाही!" "नवा बसव," एवढंच हे म्हणाले. 'टाकू नका, धुऊन बसवा,' असं मीच म्हटलं होतं. का बोलले मी?

नवा फिल्टर बसवला, तरी गाडी सुरू होईना. डिझेलच्या लाइनीत हवा अडकलीय, फिल्टरवरचा छोटा पंप दाबत राहा, एवढं सांगून तो गेला. उद्याची फेरी चुकली तर कायमचं गिऱ्हाईक जाईल. हे अजून अंगठ्याने पंप दाबतायत. मी दत्ताचं नाव घेतेय, दुसरं काय येतं मला? ह्यांचा अंगठा सुजलाय. "मी दाबू का?" विचारलं.

"राहू दे, तुझे हात दुखतील," म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं.