जोर कमी केल्यावर

अंबरनाथ पश्चिम,
ऑगस्ट २००८

प्रिय मिलिंद,

जय भीम. अंबरनाथहून उल्हासनगरला कुणी पत्र पाठवतं का, म्हणून पायल हसेल. हसू दे. तुझ्याशी फोनवर बोलायचं आताशा माझ्या जिवावर येतं.

आठवडाभर कंपनीत एका नव्या नेटवर्क स्विचने डोकं खाल्लं. त्याच्या पेटीत कार्डं बसवली की काही लिंक मधेच तुटायच्या. कार्ड आणि मुख्य बोर्डाच्या वाटेवर रीड्रायव्हर नावाची चिप असते. वाटेत थकलेल्या सिग्नलला ती जोर देते आणि पुढे धाडते. आत काय निरोप आहे ते तिला कळत नाही; येईल ते मोठं करते, खरखरीसकट. धर्मराज साहेब म्हणाले, जोर वाढव. वाढवला, तर चुका वाढल्या. पुन्हा वाढवला. जेवणाचे डबे तसेच पडून राहिले. शेवटी लक्षात आलं, तुटत होत्या त्या सगळ्या मुख्य बोर्डाजवळच्या स्लॉटमधल्या, म्हणजे कार्ड बसवायच्या खाचांमधल्या, लिंक. सगळ्यात लांबच्या स्लॉटसाठी ठरवलेला जोर आम्ही सवयीने सगळ्यांनाच लावून टाकला होता. शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात ओरडावं, तसं चाललं होतं. जोर उतरवला आणि दिवसभर एकही चूक आली नाही. साहेबांनी भजी मागवली. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझं लक्ष भज्यांत नव्हतं.

मला आपलं घर आठवलं रे. पायलच्या घरचे आपल्याकडचा चहा न घेता उठले, ते आप्पांना लागलं. ते तुमच्या लग्नाला आले नाहीत, ते तुला लागलं. तेव्हापासून तुम्ही बापलेक बोलत नाही आणि मधे मी. आई गेल्यापासून सोनिवलीच्या घरात ते एकटेच. ते मला विचारतात, "बरा हाय ना तो?" मी तुला सांगते, आप्पा तुझ्या आठवणीने जेवत नाहीत. तू म्हणतोस, "बघू." मी त्यांना सांगते, रविवारी येतो म्हणाला. मग ते सकाळीच दाढी करून बसतात. परवा तू चिडलास, की ताई, आप्पा असं बोलूच शकत नाहीत. बरोबर आहे तुझं. नाहीच बोलत ते असं. मी दमले आहे, मिलिंद.

पुढच्या महिन्यात कंपनी मला दोन वर्षांसाठी बंगलोरला पाठवते आहे. मग मधे कुणीच नसेल. जाण्याआधी आप्पांचा एक निरोप पदरचं काही न घालता पोचवते, आणि फोनवर मला ते जमलं नसतं, म्हणून हे पत्र. काल ते म्हणाले, "मिल्याला सांग, दाराचं कुलूप बदललंय. त्याच्याकडची चावी आता लागायची नाय. नवी शेजारी पुतळाबाईकडे ठेवलीय."

तुझीच,
संध्याताई